हौशी पेंटबॉल स्पर्धेला मुलांना घेऊन जाताना काय काय पाहावे?

चोपडेकर मामा

सर्वांना नमस्कार. माझा भाचा जळगावला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी मिळून एक संघ केला असून येत्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शेतावर होणाऱ्या हौशी पेंटबॉल स्पर्धेत, म्हणजे रंगाने भरलेल्या गोळ्या एकमेकांवर मारून बाद करण्याच्या खेळात, नाव नोंदवले आहे. माझ्या बहिणीने परवानगी देताना एकच अट घातली, की मामा दिवसभर मैदानावर थांबणार असेल तरच जायचे. मी आनंदाने होकार दिला. माझी दहा वर्षांची मुलगीही बरोबर येण्याचा हट्ट धरून बसली आहे.

कुस्तीचा आखाडा किंवा कबड्डीचा सामना असता, तर पंच सावध आहेत की नाहीत आणि पोरांना विनाकारण इजा होण्याची भीती कोठे आहे, हे मी कडेला बसून दोन मिनिटांत ओळखले असते. या खेळातले मला काहीच कळत नाही. आयोजकांना नेमके काय विचारावे, मुलीला घेऊन कोठे उभे राहावे, आणि कोणती गोष्ट दिसली की भाच्याला सरळ "आज खेळायचे नाही" असे सांगावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे. भाच्याला चष्मा आहे, हेही सांगून ठेवतो.

पंच, भुसावळ

भाऊ, नमस्कार. हौशी स्पर्धांमध्ये मी पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे मैदानाच्या आतून जे दिसते ते लिहितो.

पोहोचल्यावर सर्वांत आधी क्रोनोग्राफ कोठे ठेवला आहे ते शोधा. गोळी नळीतून किती वेगाने सुटते हे मोजणारे ते लहानसे यंत्र असते, आणि ते जिथे नाही तिथे मंडप आणि करंडक कितीही मोठे असले तरी मुलांना उतरवू नका. नेहमीच्या गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर, आणि वजन तीन ग्रॅमच्या आसपास असते. ती सेकंदाला ३०० फुटांपेक्षा जास्त वेगाने सुटता कामा नये, ही या खेळातली रूढ मर्यादा आहे. ३०० फूट म्हणजे ताशी जवळपास ३३० किलोमीटर. काही आयोजक २८० फुटांवरच थांबतात, आणि हौशी मुलांसाठी मला तेच योग्य वाटते.

आता आपल्या भागाची खरी अडचण सांगतो. फेब्रुवारीत सातपुड्याच्या पायथ्याला सकाळी सातला स्वेटर लागतो आणि दुपारी दोनला सावली शोधावी लागते. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीवर चालणाऱ्या मार्करला, म्हणजे मुले जिला गन म्हणतात तिला, हा फरक फार बाधतो, कारण बाटलीत तो वायू द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानाबरोबर चढत जातो. २१ अंशांना तो सुमारे ८५० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ८५० पौंड, असतो, आणि ३१ अंशांच्या वर तर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. सकाळच्या गारव्यात २८० फुटांवर बसवलेला मार्कर दुपारी मर्यादा ओलांडून मारू लागतो आणि तो हातात धरलेल्या मुलाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून आयोजकांना एकच प्रश्न विचारायचा असेल, तर "वेग दुपारी पुन्हा मोजणार का?" हाच विचारा. दाबाने भरलेल्या साध्या हवेच्या टाक्या आणि त्यांना रेग्युलेटर, म्हणजे दाब एकसारखा ठेवणारी झडप, असेल तर वेग पुष्कळ स्थिर राहतो, पण म्हणून मोजणी टाळू नये. भरलेली बाटली उन्हात किंवा बंद गाडीत ठेवणे धोक्याचे आहे. दाब फार वाढला की तिच्यातली सुरक्षा-चकती फाटते आणि सगळा वायू जोराने बाहेर पडतो.

जमीनही पाहून घ्या. आपल्याकडे अशा स्पर्धा बहुतेक मोकळ्या झालेल्या शेतात होतात आणि त्यात पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाचे, रान असले, तर उपटताना तुटून राहिलेले खुंट मातीतून बोटभर वर आलेले असतात. बंकरमागे, म्हणजे लपायच्या आडोशामागे, गुडघ्यावर सूर मारणाऱ्या मुलाला गोळीपेक्षा त्या खुंटाची इजा अधिक होते. मी सामन्यांच्या आधी दोन्ही बाजूंच्या बंकरांमागची जागा हाताने चाचपून पाहतो. ठिबकच्या नळ्याही गुंडाळून बाजूला काढलेल्या असाव्यात.

प्रेक्षकांसाठी जाळी लागतेच, कारण वर तोंड करून सुटलेली गोळी ८० ते १०० मीटरपर्यंत जाऊ शकते. जाळीला टेकून उभे राहू नका, चार-पाच पावले मागे राहा. गोळी जाळीवर फुटते तेव्हा जाळी प्रेक्षकांच्या बाजूला येते आणि रंगाचे थेंब आरपार उडतात. मैदानाबाहेर दिसणाऱ्या प्रत्येक मार्करच्या नळीवर कापडी टोपी चढवलेली असलीच पाहिजे. चहाच्या टेबलाजवळ कोणी उघड्या नळीचा मार्कर घेऊन फिरत असेल आणि पंच त्याला हटकत नसतील, तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले असे समजा.

जामनेरची आई

दादा, वरच्या उत्तरात सगळे आले आहे, पण मास्कबद्दल मी लिहिते, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडले आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा एका स्पर्धेत खेळत होता. भाड्याने मिळालेल्या मास्कची काच एकेरी होती. दुसऱ्या सामन्यात घामाने ती आतून पांढरी झाली. जाळीबाहेरून मला स्पष्ट दिसत होते, की तो लाकडी पिंपामागे बसून आधी मान हलवतो आहे, मग काचेवर बाहेरून बोट फिरवतो आहे, आणि धुके आतून असल्यामुळे काहीच फरक पडत नाही. शेवटी त्याने हनुवटीकडून मास्क उचलला आणि दोन बोटे आत घातली. त्याच क्षणी पिंपाच्या कडेवर गोळी फुटली आणि त्याच्या गालावर केशरी रंग उडाला. चार बोटे वर लागली असती तर काय झाले असते, ते आजही मनात येते. मी ओरडले, पण तिथल्या गलक्यात कोणाला ऐकू गेले नाही. पंचाने सामना थांबवला नाही, याचे मला फार वाईट वाटले.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा आहे, की धुके आले तर मास्कला हात लावायचा नाही. हात वर करून "आउट" म्हणायचे, मास्क तसाच ठेवून जाळीच्या बाहेर यायचे आणि मग पुसायचे. एक सामना गेला तर गेला. तुम्ही भाच्याला हे निघण्यापूर्वी घरीच सांगा, कारण मैदानावर संघ हरत असताना मुलांच्या कानात काही शिरत नाही. दुहेरी काचेचा, ज्याला थर्मल काच म्हणतात तसा मास्क मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या. चष्म्यावर मास्क बसतो, पण चष्म्याची फ्रेम रुंद असेल तर कानाजवळ फट राहते, म्हणून आदल्या दिवशीच घालून पाहायला सांगा.

मुलीला न्यायला हरकत नाही. तिच्यासाठीही एक मास्क मागून घ्या आणि जाळीजवळ जाताना तो घालायला लावा.

नेत्रचिकित्सक, धुळे

मास्कबद्दल ताईंनी जे लिहिले आहे त्यामागचे कारण पालकांनी समजून घ्यावे, म्हणून थोडे लिहितो. लेदरचा क्रिकेट बॉल सुमारे सात सेंटिमीटर व्यासाचा असतो, त्यामुळे तो डोळ्यावर आला तरी त्याचा बराचसा मार भुवईचे आणि गालाचे हाड झेलते. पेंटबॉल त्या हाडांच्या चौकटीच्या आत सहज मावतो आणि सगळा आघात थेट बुबुळावर होतो. डोळ्याच्या आत रक्त उतरणे, भिंग सरकणे, दृष्टिपटल फाटणे किंवा सुटणे, असे सगळे एका गोळीने होऊ शकते. या खेळातल्या डोळ्याच्या गंभीर इजा बहुतांशी मास्क काढलेला असताना किंवा घातलेलाच नसताना होतात. चष्म्याची किंवा गॉगलची काच हे संरक्षण नव्हे. ती फुटून आणखी इजा करते.

दुर्दैवाने गोळी डोळ्याला लागलीच, तर डोळा चोळू नये, दाबू नये आणि दाबून पट्टी बांधू नये. कागदी पेल्यासारखे काहीतरी डोळ्याला न टेकवता वर धरावे, मुलाला डोके उंच ठेवून बसवावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. दोन तासांनी "आता नीट दिसते आहे" असे तो म्हणाला तरी न्यावे, कारण दृष्टिपटलाची इजा सुरुवातीला जाणवत नाही आणि डोळ्यातला दाब कधी कधी काही वर्षांनीही वाढतो. यावलच्या बाजूला स्पर्धा असेल तर जवळचा नेत्रतज्ज्ञ फैजपूरला आहे की भुसावळला, आणि रविवारी कोण भेटतो, हे शनिवारीच फोन करून विचारून ठेवा.

शिरपूरचा खेळाडू

काका, अंगावर लागलेल्या गोळीचे घाबरू नका. पैशाएवढा काळा-निळा डाग पडतो आणि आठवड्याभरात जातो. पूर्ण बाह्यांचा सैलसर सदरा, जाड पँट, हातमोजे आणि गळ्याभोवती सुती रुमाल एवढे पुरते. रंग पाण्यात विरघळणारा असतो, धुतल्यावर निघतो.

गोळ्यांची मात्र काळजी घ्या. त्यांचे कवच जिलेटिनचे असते. उष्णतेने व ओलाव्याने ते मऊ पडते, गोळ्या फुगतात आणि नळीत फुटतात किंवा समोरच्याला लागूनही न फुटता उसळतात. न फुटलेली गोळी जास्त लागते आणि ती लागूनही खेळाडू बाद होत नाही, त्यामुळे भांडणे होतात. आम्ही गोळ्या थर्मोकोलच्या डब्यात सावलीत ठेवतो, पण बर्फ घालत नाही, कारण गार होऊन ठिसूळ झालेली गोळी नळीतच तडकते. अंगावरचा रंग गुपचूप पुसणे ही या खेळातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट मानली जाते, हेही नव्या मुलांना सांगा. शंका आली तर "पेंट चेक" म्हणून पंचांना बोलवायचे.

एक विनंती आहे. खेळ संपल्यावर न फुटलेल्या गोळ्या वेचून न्या. त्यातला द्रव कुत्र्यांनी खाल्ला तर ती गंभीर आजारी पडतात, आणि शेतावर कुत्री असतातच.

चोपडेकर मामा

सर्वांचे मनापासून आभार. काल आयोजकांशी फोनवर बोललो. जाळी आहे, मास्क दुहेरी काचेचे आहेत, नळीवरच्या टोप्यांचा नियमही आहे. परंतु मार्कर कार्बन डायऑक्साइडवरचे आहेत आणि वेग फक्त सकाळी नोंदणीच्या वेळी मोजणार, असे ते म्हणाले. दुपारच्या मोजणीबद्दल विचारले तेव्हा "आजवर कधी गरज पडली नाही" असे उत्तर मिळाले. स्पर्धा भरवणारी ती मुले मनापासून धडपड करत आहेत, त्यामुळे मला त्यांना दुखवायचेही नाही. काय करावे?

पंच, भुसावळ

भाऊ, त्यांना दुखवण्याची गरज नाही. क्रोनोग्राफ त्यांच्याकडे आहेच. तो नोंदणीच्या टेबलावरून उचलून मैदानाच्या दाराशी ठेवा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने त्यावर तीन गोळ्या मारून मगच आत जावे, एवढेच सुचवा. दहा खेळाडूंना पाच-सात मिनिटांहून जास्त लागत नाहीत. बाटल्या कडुलिंबाच्या सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवायला सांगा. माणूस कमी पडतो असे ते म्हणाले, तर त्या रविवारी मी मोकळा आहे. सकाळच्या गाडीने येऊन दिवसभर दाराशी बसेन, मला मानधन नको. आणि इतके करूनही त्यांनी नकार दिला, तर भाच्याला सकाळचे सामने खेळू द्या आणि ऊन चढल्यावर संघाला बाहेर काढा. प्रवेश शुल्क गेले तरी चालेल.

चोपडेकर मामा

आत्ताच त्यांना तुमचा निरोप कळवला. मोजणी दाराशी ठेवायला ते तयार झाले आहेत आणि तुम्ही येणार म्हटल्यावर त्यांना फार बरे वाटले. भुसावळहून फैजपूरपर्यंत या, तिथून मी तुम्हाला गाडीवर घेतो. दुपारी शेतावरच वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. माझ्या मुलीसाठी लहान मापाचा मास्क तुमच्याकडे असेल तर कृपया सोबत आणावा.