गणित टळेल म्हणून बीबीए?
ताई, मुलीचं गणित टळावं म्हणून बीबीए (व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी) बघताय असं तुमच्या पोस्टमध्ये लिहिलंयत. टळत नाही हो! अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, अर्थशास्त्र, कॉस्टिंग (खर्चाचा हिशेब), सगळीकडे आकडेच. माझा मुलगा बीबीए नाशिकलाच शिकला. ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा असा टप्पा, त्याला वहीत कळेना, गंगापूर रोडला मिसळ खाताना कळला. समजा गाळ्याचं भाडं ३०,००० (पगार, वीज सोडून देऊ), प्लेट १०० ची, तिला माल लागतो ४० चा. उरले ६०. म्हणजे महिन्याला ५०० प्लेटी गेल्या की नुसतं भाडं सुटतं, कमाई ५०१ व्या प्लेटपासून. मार्केटिंग, एचआर (मनुष्यबळ) वाचून निघतं. बिझनेस लॉ मात्र हलकं घेऊ नका, १८७२ चा करार कायदा चांगलाच घाम काढतो. आणि २०२४ पासून प्रवेशाला सीईटी (प्रवेश परीक्षा) आलीय, तिच्या फॉर्मची तारीख आधी बघा.