तुमच्या गावचं देऊळ, दर्गा, चर्च... आठवणी लिहा

सांजवात:
आज पहाटे भावाने गावाहून काकड्याचा व्हिडिओ पाठवला. मिनिटभराचाच, त्यातही अर्धा अंधार. पण टाळ ऐकले आणि इथे बंगळुरात ओट्याशी उभ्या उभ्या डोळे भरून आले. कोजागिरी झाली की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आजी रोज साडेचारला उठवायची. विठ्ठलाच्या देवळातली फरशी इतकी गार की आम्ही पोरं एका पायावर उभी राहायचो, मग पाय बदलायचा. आरतीनंतर हातावर लोणी-खडीसाखर. आजी मात्र लगेच निघायची नाही. कोणाची म्हैस आटली, कोणाची सून आजारी आहे, सगळं पायरीवर कळायचं. दोन दिवस जी आली नसेल तिच्या दारात परतताना थांबायचंच. देऊळ म्हटलं की मला मूर्तीच्या आधी ती पायरी आठवते.

रानपाखरू:
आमच्याकडे सप्ताह! सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहारे लावलेले. वडिलांचा पहारा रात्री २ ते ४, मी चहाची किटली घेऊन जायचो. काल्याला आख्खं गाव पंगतीला, भाकरी घरोघरच्या, आमटी एका कढईतली. दूधवाला आलाय, नंतर लिहितो

मिरजकर:
आमच्या मिरजेच्या दर्ग्यात मीरासाहेबांचा उरूस!! गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. त्यांच्या आठवणीत उरुसात गाणं असतं, चिंचेच्या झाडाखाली. आजोबांच्या मांडीवर पेंगत ऐकलंय. तिकीट वगैरे काही नाही, या आणि बसा.

सांजवात:
@मिरजकर तंबोरे करणारी गल्ली तिथलीच ना?

मिरजकर:
हो, सतारमेकर गल्ली. भोपळे पंढरपूरकडून येतात. म्हणजे विठोबाच्या रानातला भोपळा दर्ग्यात गातो बघा 🙂

अबोली:
सगळंच गोड नव्हतं. आमच्या पणजोबांना पंढरपुरात चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावं लागायचं. मे १९४७ मध्ये साने गुरुजी १० दिवस उपाशी राहिले, त्यानंतर दार उघडलं. पणजोबा पहिल्यांदा आत गेले ते पायावर डोकं ठेवून उठेचनात. मागच्या माणसाने दंडाला धरून उठवलं. आजी हे सांगताना दर वेळी गप्प व्हायची. देवळाने माणसं जोडली हे खरं, पण कोणाला बाहेर ठेवून जोडली तेही लिहायला हवं.

रानपाखरू:
@अबोली ताई, वाचून हात थांबला. आमच्या पंगतीतही माझ्या आजोबांच्या काळात काही घरं वेगळी बसायची. हे मी वर लिहायला हवं होतं.

अबोली:
लिहिलंत, बरं वाटलं.

कॅम्पकर:
पुण्यातलं लाल देऊळ कोणीच कसं लिहिलं नाही? १८६७ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पण रिक्षावाल्याला लाल देऊळच सांगायचं. माझी बेने इस्राएल (म्हणजे इथलेच मराठी ज्यू) मैत्रीण घरी अस्सल मराठी बोलते. तिच्याकडे मलिदा असला की आम्हाला बोलावणं ठरलेलं. गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. ते सगळे इस्राएलला गेले, आता व्हिडिओ कॉलवर मलिदा दाखवते.

तुळस_वृंदावन:
२०२० चं, कोरोनातलं देवळाचं कुलूप आठवतं का? आई रोज जाऊन बंद दाराच्या कडीला हळदकुंकू लावून यायची. १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडलं तेव्हा आत न जाता आधी पायरीवर बसली. तिच्या बाजूला बसणाऱ्या दोघी त्या वर्षात गेल्या होत्या.

सांजवात:
🙏🙏

रानपाखरू:
आलो परत. ती काल्याची आमटी येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) असायची बरं का, तशी चव घरी येत नाही

सांजवात:
येसराचं प्रमाण आईंना विचारून टाका ना. चार माणसांचं!