उन्हाळ्यात डोंगरातली अल्ट्रा : तुमचे अनुभव सांगा

मागच्या रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडाची दुसरी फेरी संपवून उतरत होते, खाली झाडाखाली एक मुलगा बूट काढून बसला होता. मला म्हणाला, "काकू, मे महिन्यात डोंगरात पन्नास किमी होतात का हो?" ते 'काकू' गिळलं आणि म्हणलं होतात, पण नीट सांगायला बसले तर तुझं ऊन निघून जाईल. घरी आल्यावर वाटलं की माझ्या एकटीच्या सांगण्यापेक्षा सगळ्यांनीच लिहावं. उन्हाळ्यात अल्ट्रा (म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ल्याची) पूर्ण केली असेल तर लिहा, अर्धवट सोडली असेल तर नक्कीच लिहा. टाइम कुणीही टाकू नका, तो आपल्याला माहीत असतो :)

सुरुवात मीच करते. दोन वर्षांपूर्वी, एप्रिलचा शेवट, आम्ही चौघं, सिंहगड-राजगड-तोरणा. रेस वगैरे काही नाही, आमचंच आम्ही ठरवलेलं. या वाटेवरची रेस थंडीत असते आणि ती थंडीत का असते हे चौघांनाही माहीत होतं, तरी गेलो. रात्री दोनला निघालो, कल्याण दरवाज्यातून हेडलँपवर उतरलो, विंझरला उजाडलं तेव्हा गाणी म्हणत होतो. गुंजवण्याहून चोर दरवाज्याच्या वाटेला लागलो आणि रेलिंगला हात लावला तर चटका. पद्मावती देवळाच्या सावलीत वीस मिनिटं थांबायचं होतं, पन्नास झाली. तिथेच कळायला पाह्यजे होतं.

संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने बाहेर पडलं की तोरण्यापर्यंत ती लांबच लांब धार. पावसाळ्यात तिथे फोटो काढून मन भरत नाही, एप्रिलमधे तिथे सावली नावाची गोष्ट नाही. वणव्याने गवत जळलेलं, पोटरीपर्यंत काजळी, आणि वारा सुटला की बरं वाटायच्या ऐवजी भट्टीचं दार उघडल्यासारखं. माझं अडीच लिटर पाणी खिंडीतल्या डांबरी रस्त्याच्या बरंच आधी संपलं. खिंडीत एक मैत्रीण गाडी घेऊन थांबली होती, तिने कलिंगडाची फोड हातात दिली आणि सहज विचारलं, आता कुठे चाललोय आपण? मी म्हणलं, कात्रज. समोर तोरण्याचा बुधला दिसत होता. तिने माझा दंड बघितला, एक-दीडच्या उन्हात अंगावर काटा आलेला आणि घाम बंद, नुसतं पांढरं मीठ. तिने मला गाडीत ढकललं, एसी लावला, मानेवर काखेत ओली फडकी ठेवली आणि दार बाहेरून धरून उभी राहिली. मी आतून तिला वाट्टेल ते बोलले, रडले पण. तोरणा राहिला. तिने "दमलीस का" विचारलं असतं तर मी नाही म्हणून पुढे निघाले असते हे मात्र पक्कं.

*

ठाण्याहून. माझं बरोब्बर उलटं झालं म्हणून लिहितो. मला कुणीतरी डोक्यात भरवून दिलं होतं की उन्हात पाणी पीत राहा, तहान लागायची वाट बघू नकोस. कोकणात मित्रांबरोबर ५० किमी, मे चा पहिला आठवडा, दमट हवा, घाम नुसता टपकत होता, वाळतच नव्हता आणि वाळला नाही तर अंग कसलं गार होणार, म्हणून मी तासाला लिटरभर साधं पाणी ढोसत होतो. पस्तिसाव्या किमीला हाताकडे लक्ष गेलं, बोटं वांग्यासारखी सुजलेली, लग्नाची अंगठी हलेना. मग डोकं दुखायला लागलं, मग उलट्या. बरोबरचे म्हणाले डीहायड्रेशन आहे आणखी पाणी पी!! हॉस्पिटलात सोडियम १२६ निघालं (१३५ च्या वर पाहिजे) आणि वजन सकाळपेक्षा सव्वा किलोने जास्त. डॉक्टरांनी ३ टक्क्यांचं सलाईन लावलं आणि पाणी एकदम बंद. अंगठी दुसऱ्या दिवशी साबण लावून निघाली.

आता मी तासभर पळायच्या आधी आणि नंतर कपडे काढून वजन करतो. येऊरच्या चढावर मे मधे तासाला माझं १.४ किलो जातं, जानेवारीत निम्मं. गेलेलं सगळं भरून काढायचं नाही, वजन थोडं उतरलेलंच बरं, वाढता कामा नये. आणि पावडरचं ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं हो, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं की मळमळतं आणि मग लोक म्हणतात ओआरएस मला सोसत नाही.

*

पुणेकर भाऊ-ताईंनो, तुमच्याकडच्या ३८ डिग्रीला तुम्ही ऊन म्हणता, वाचून मजा आली :D आमच्या नागपुरात मे मधे ४४-४५ ला पोट्टे क्रिकेट खेळते. मी पहाटे साडेचारला सेमिनरी हिल्सवर पळतो आणि सातला घरी. पण रेसच्या आधी दोन हप्ते मुद्दाम उशिरा निघतो, आठ साडेआठला, पहिले दिवस तासभर नुसतं चालत-पळत, नाडी बघून. चारपाच दिवस जीव नकोसा होते, मग दहाव्या-बाराव्या दिवशी तोच चढ सोपा वाटते. घाम लवकर सुटते आणि त्यात मीठ कमी जाते, माझ्या काळ्या टीशर्टवरचे पांढरे नकाशे दहा दिवसात फिके पडते, हे मी डोळ्याने पाहिलं. आणि ही सवय टिकत नाही, तीन-चार हप्ते एसीत बसलं की गेली. खिशात कांदा ठेवतो का? ठेवतो, आईसाठी. पन्हं मात्र गूळ-मीठ घालून बाटलीतच असते.

आता खरं सांगू का, सह्याद्रीत आलो तर उन्हानं काही केलं नाही, उतारानं मारलं. तो मुरमाड घसारा, पायाखाली ज्वारी सांडल्यावानी. तीन वेळा बसलो, चौथ्यांदा बसूनच उतरलो. दोन्ही अंगठ्याची नखं काळी, एक अजून यायचं आहे.

*

नखांसाठी बूट अर्धा नंबर मोठा घ्या आणि उताराआधी लेस पुन्हा आवळा. मांड्यांना व्हॅसलीन नाहीतर खोबरेल, लाजू नका. बास.

*

पेनकिलर घेऊन पळू नका एवढंच सांगायला आलोय. तिसाव्या किमीला गुडघा दुखला म्हणून एक गोळी, चाळिसाव्याला दुसरी, ऊन मरणाचं, पाणी कमी. रात्री लघवी कोऱ्या चहासारखी झाली. स्नायू फुटून त्यांचा माल रक्तात आलेला आणि तो गाळता गाळता किडन्या थकलेल्या, त्यात त्या गोळीने किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळलेला. सीपीके (स्नायू किती फुटले ते सांगणारी रक्ताची टेस्ट) दोनशेच्या आत असतं ना, माझं चाळीस हजार. सहा दिवस अॅडमिट. बायकोने बूट माळ्यावर टाकलेत, अजून मागायची हिंमत नाही.

*

कॅलिफोर्नियातून लिहितेय, मी स्वतः पळालेली नाही, नवऱ्याच्या मित्राची पेसर होते, म्हणजे शेवटच्या टप्प्यात सोबत पळणारी. वेस्टर्न स्टेट्स म्हणजे शंभर मैलांची रेस, जूनच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला शनिवारी पहाटे पाचला सुरू, तीस तासांत संपवायची. ऑलिंपिक व्हॅलीत सुरुवातीच्या उंच चढावर कधी कधी बर्फ असतो आणि दुपारी कॅनियनमधे उतरलं की पारा चाळिशीकडे. डेव्हिल्स थंब नावाचा चढ आहे, नाव ठेवणाऱ्याने तो दुपारीच चढला असणार. पेसरला फॉरेस्टहिलपासून, म्हणजे ६२ मैलांपासून सोबत जाता येतं, म्हणून मी तिथे संध्याकाळपासून खुर्ची टाकून बसलेले आणि येणाऱ्यांचे चेहरे बघत होते.

तिथे सगळ्यात जास्त मागणी कशाला, तर बर्फाला. खाण्याला नाही. टोपीत बर्फ, बाह्यांत बर्फ, आणि मानेभोवती रुमालाची लांब पिशवी शिवलेली असते त्यात बर्फ ठासून गाठ. मी आमच्यासाठी आजोबांच्या जुन्या पंचाची शिवून नेली होती, पातळ सुती, पाणी झिरपत राहतं पाठीवर. आमचा पळणारा म्हणाला विकतच्यापेक्षा हीच बरी. ७८ मैलाला रकी चकीला अमेरिकन नदी दोर धरून ओलांडायची, मध्यरात्र उलटून गेली होती, आणि दिवसभर बर्फ मागणारा हा माणूस छातीभर पाण्यात उभा राहून म्हणतो, थंडी वाजतेय गं! मी म्हणलं आता घरी जाऊन सांगू नकोस कुणाला. शाळेच्या ट्रॅकवर शेवटची फेरी मारली तेव्हा साडेअठ्ठावीस तास झाले होते.

*

मी पळत नाही, चार वर्षं एका रेसमधे पाण्याच्या टेबलावर असतो. वरच्या काकूंची (सॉरी) कात्रजची गोष्ट वाचून पोटात गोळा आला, कारण मी तो चेहरा बघितलाय. ३८व्या किमीला एकजण आला, बाटली उलटी धरून बुडाला झाकण शोधत होता. नाव विचारलं तर नंबर सांगितला, तोही चुकीचा. त्या वर्षी आयोजकांनी टेबलं फार लांब लांब ठेवली होती, त्यावरून भांडण झालंच, ते असो. आमच्यासोबत डॉक्टर बाई होत्या, त्या ओरडल्या, गाडी नंतर, आधी गार करा. वीस लिटरचे दोन जार आणि कोकम सरबताच्या टपातला बर्फ सगळा त्याच्या अंगावर. दोघं पुठ्ठ्याने वारा घालत होते. कानातला थर्मामीटर जवळजवळ नॉर्मल दाखवत होता, बाई म्हणाल्या पळून आलेल्याला तो खोटं सांगतो, बोलणं बघा. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने विचारलं, माझे पोल्स (चढायच्या काठ्या) कुठे आहेत? तेव्हा बाई खाली बसल्या. मग गाडी.

त्या दिवसापासून टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो, सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत? पोहे म्हणाला की जाऊ देतो. आठवायला वेळ लागला तर खुर्ची.

*

हा नाश्त्याचा प्रश्न चोरतेय, आमच्या ग्रुपमधे आजपासून लागू. आणि सॉरी नको, काकूची सवय झाली आता. आग्या मोहोळाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, उन्हाळ्यात कड्यांवर असतात, अत्तर-डिओ मारून येणारे महाभाग आम्हाला भेटलेत, त्यावर कुणीतरी लिहा.

त्या झाडाखालच्या मुलाला हा धागा पाठवलाय. त्याचं उत्तर आलं, "काकू मग डिसेंबरात करू का?" कर म्हणलं. माझाही तोरणा राहिलाय.