सोमवारी सुरू, तिसऱ्या आठवड्यात बंद: वजन घटवण्याच्या सवयी टिकवायच्या कशा?

ताकभात

वय ४१, उंची १६२ सेंमी, वजन ७६ किलो, कंबर ९४ सेंमी. बैठं काम, नऊ ते साडेसहा. घरात चार माणसं, स्वयंपाक सगळ्यांचा एकच, पोळ्यांना मावशी येतात. साखर, बीपी, थायरॉइड तपासून झालंय, तिन्ही ठीक.

डाएट कुठलंही घ्या, दोन आठवडे निभावतं. मग घरात काहीतरी कार्य निघतं, एक दिवस सुटतो आणि पुढचं सगळं 'येत्या सोमवारपासून'. त्यामुळे कृपया नवा डाएट चार्ट नको. घरचंच जेवण ठेवून रोजच्या कुठल्या सवयी बदलाव्यात, कुठल्या क्रमाने, आणि सुटलं की परत रुळावर कसं यायचं, एवढंच हवंय. शाकाहारी, अंडी चालतात.

---

मोजपट्टी

पहिले दहा दिवस काहीही बदलू नका. फक्त लिहा. काय खाल्लं, किती वाजता, आणि तेव्हा भूक होती का. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'भूक नव्हती' असं लिहिलेल्या नोंदी एकत्र करून बघा, बहुतेक त्या दिवसाच्या एक-दोन ठरावीक वेळांभोवतीच जमलेल्या दिसतील. काम तिथेच करायचं आहे, बाकी दिवसाला हात लावायची गरज नाही.

याच दहा दिवसांत घरातलं तेल मोजा. रोज चमचा मोजायला नको, महिन्याचा कॅन मोजा. चार माणसांना महिन्याला ५ लिटर लागत असेल तर माणशी सव्वा लिटर, म्हणजे दिवसाला साधारण ३८ ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या ३४० च्या आसपास. तूप, दाण्याचं कूट, खोबरं वेगळं. तोच कॅन ३ लिटरवर आणला की माणशी २३ ग्रॅम, म्हणजे २०५ कॅलरी. रोजच्या १३५ कमी झाल्या आणि ताटातला पदार्थ एकही बदलला नाही. कॅनवर आणल्याची तारीख मार्करने घाला, घरच्यांना वेगळं प्रवचन द्यावं लागत नाही. फोडणीला कढईत बुदली ओतायची नाही, पोह्याच्या चमच्याने घालायचं, एवढी एक सवय पुरते.

दुसरी जागा पोळी. २५ ग्रॅम पिठाचा बिनतेलाचा फुलका ८५ कॅलरीचा. ४० ग्रॅमची घडीची पोळी, आत-बाहेर मिळून चहाचा एक चमचा तेल, १७५ च्या घरात जाते. दोन्हीला आपण 'एक पोळी' म्हणतो. 'मी तीनच पोळ्या खाते' या वाक्याचा अर्थ म्हणून २५५ पण होतो आणि ५२५ पण. भाकरीचंही तेच. ज्वारी पौष्टिक खरी, पण ७० ग्रॅम पिठाची भाकरी २४० कॅलरीची असते. 'भाकरी हलकी' म्हणून दोन खाल्ल्या की हिशेब पोळीच्या पुढे जातो.

तिसरी कूट. उसळीत, कोशिंबिरीत, भाजीत प्रत्येकी एक भरलेला पोह्याचा चमचा, दर चमच्याला ५५-६०. कूट बंद करू नका, एका जेवणात एकाच पदार्थात घाला.

---

उंबरठा

वरचा हिशेब पटला. ठरवलेलं का सुटतं, त्याबद्दल लिहितो.

सवय २१ दिवसांत लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तुमची सवय अजून कच्चीच असते. ती तुटली असं वाटतं, पण मुळात लागलेलीच नसते. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही हेही दिसलं. बिघडतं ते त्या दिवसानंतरच्या 'आता काय, गेलंच' मुळे.

म्हणून नियम असा ठेवा: चुकलं की पुढचं *जेवण* नेहमीसारखं. पुढचा दिवस नाही, पुढचा सोमवार तर नाहीच. दुपारी बारशात दोन जिलब्या झाल्या, तर रात्री पोळी-भाजी-वरण-ताक ठरल्याप्रमाणे. रात्री उपाशी राहून भरपाई करायला जाऊ नका. उपाशी राहिलेलं माणूस दुसऱ्या दिवशी पाच वाजता फरसाणाच्या पिशवीपाशी सापडतं.

सवय बांधताना ती आधीच्या एखाद्या ठाम गोष्टीला टांगा. 'रोज चालेन' ही नुसती इच्छा झाली. 'रात्रीची भांडी घासायला टाकली की चपला घालून पंधरा मिनिटं बाहेर' हे पाळता येतं, कारण भांडी रोज पडतातच. जेवणानंतरच्या चालण्याने साखर कमी चढते, आणि स्वयंपाकघरातली फेरी टळते हा खरा फायदा. मोहाच्या जागांसाठी जर-तरचं वाक्य आधीच लिहून ठेवा: 'ऑफिसात कोणी पिशवी फोडली, तर मी आधी बाटली भरायला उठेन.' ऐनवेळी निर्णय घ्यायची पाळी आली की फरसाण जिंकतं. ५० ग्रॅम शेव-फरसाण म्हणजे पावणेतीनशे कॅलरी, आणि बोलता बोलता ५० ग्रॅम कधी संपतं कळत नाही.

एका वेळी दोनच सवयी. पंधरा दिवसांनी तिसरी.

आता कार्यं. आपल्याकडे नकार पदार्थाला दिला तरी तो माणसाला लागतो. 'मी वजन कमी करतेय' हे पंगतीत कधीही बोलू नका. त्यावर प्रत्येकाकडे मत असतं, आणि बहुतेकांकडे लाडूही असतो. दोन गोष्टी चालतात. एक, ठरवलेल्यापेक्षा अर्धंच आधी वाढून घ्या, उरलेलं अर्धं आग्रहाला ठेवा. वाढणाऱ्याचं मन राखलं जातं आणि तुमचा आकडाही. दोन, 'आत्ता पोट भरलंय, डब्यात द्या, घरी खाते.' डबा घरी आला की तो चौघांत वाटला जातो.

---

ताकभात

तेलाचा कॅन बघितला, ५ लिटर २७ दिवसांत संपलाय! चहाचं काय करावं? दिवसाला चार कप होतात. आणि श्रावणात सोमवार-शनिवार उपवास असतात, तेव्हा वजन कमी व्हायला हवं, उलट वाढतं.

---

रानमेवा

कपात दोन चमचे साखर आणि ५० मिली दूध धरलं तर ७०-८० कॅलरी. चार कपांच्या तीनशे, खारी-बिस्किटं सोडून. कप तोडायला गेलात तर डोकं दुखेल आणि चौथ्या दिवशी सगळंच सोडाल. आधी साखर पातेल्यात घालणं थांबवा. कोरा गोड न केलेला चहा उकळा, ज्याची त्याने कपात घालावी. मग दोन चमच्यांचे दीड, दहा दिवसांनी एक, पुढे अर्धा. जीभ हळूहळू जुळवून घेते, एकदम शून्य केलं तर नाही. चहाबरोबरचं काही लागतच असेल तर मूठभर फुटाणे.

उपवासाचं उत्तर आपल्या म्हणीतच आहे: एकादशी, दुप्पट खाशी. ताटलीभर खिचडीत ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन चमचे तूप, अर्धा बटाटा. ४८० कॅलरी, त्यातलं प्रोटीन जेमतेम ६-७ ग्रॅम आणि तेही दाण्यांचं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, दोन-तीन तासांत परत भूक. मग बटाट्याचा कीस, मग वेफर्स, आणि रात्री 'दिवसभर उपाशी होते' म्हणून भरगच्च ताट. उपवास ठेवायचा तर एकच उपवासाचं जेवण ठेवा: वरीचा भात किंवा राजगिऱ्याची एक भाकरी, पातळ आमटी, दही, काकडीची कोशिंबीर. मधल्या वेळी फळ आणि ताक. रात्री सोडताना रोजच्याइतकंच ताट, वेगळं पक्वान्न नको.

एरवीच्या दिवशी प्रोटीन बघा. बऱ्याच शाकाहारी घरांत वरण म्हणजे पिवळं पाणी असतं. तुम्हाला ५५-६० ग्रॅमचं लक्ष्य ठेवता येईल. वाटीभर घट्ट वरण ७, वाटीभर मटकीची उसळ ९, वाटीभर दही (२०० ग्रॅम) ७, दोन अंडी १२-१३, दिवसभराच्या पोळ्या मिळून १०-११, पनीर ५० ग्रॅम ९. झालं. उसळ रोज रात्री हवी असेल तर रविवारीच तीन वाट्या कडधान्य भिजवून मोड आणून फ्रिजमध्ये ठेवा. उसळ बुडते ती आदल्या रात्री भिजवायला विसरल्यामुळे, आळसामुळे नाही.

वाढण्याचा क्रमही बदला. आधी कोशिंबीर किंवा भाजी, उसळ, मग पोळी. भात शेवटी वाटीने मोजून, पळीने नाही. शिजलेला १०० ग्रॅम भात १३० कॅलरीचा, भाताला शत्रू मानायचं कारण नाही.

---

आडवाटेवर

दिवसातून दोनदाच खायचं की दर दोन तासांनी? डॉ. जगन्नाथ दीक्षित एक सांगतात, ऋजुता दिवेकर दुसरं. नक्की कोणाचं ऐकायचं?

---

मोजपट्टी

यावर महाराष्ट्रात लग्नं मोडतील. :) ज्या वेळापत्रकात तुमचं एकूण खाणं कमी होतं आणि जे तुमच्या घरात बसतं, ते तुमचं. दीक्षितांच्या पद्धतीत दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत. मधलं चहा-बिस्किट, फरसाण आपोआप गळतं, म्हणून बऱ्याच जणांना लागू पडते. पण दुसऱ्या जेवणापर्यंत इतकी भूक लागत असेल की मग हात थांबत नाही, तर तीन जेवणं बरी. त्या पद्धतीतलं ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं मात्र लोक सोयीस्कर विसरतात.

मधुमेहाच्या गोळ्या (विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या) किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी जेवणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या, साखर अचानक खाली जाऊ शकते. प्रश्नकर्तीला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला तरी असेल.

---

उंबरठा

वजनकाट्याबद्दल राहिलं. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात त्याला काटाही जबाबदार आहे. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतं, त्यात पाणी बरंच असतं: शरीरातल्या साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी असतं, ते निघून जातं. मग खरा वेग सुरू होतो, आठवड्याला ३००-५०० ग्रॅम, आणि माणसाला वाटतं 'थांबलं'. त्यातच एखादं सणाचं जेवण, मीठ आणि गोड, आणि दुसऱ्या सकाळी काटा सव्वा किलो वर. चरबी नाही ती. किलोभर चरबीला साधारण ७,७०० कॅलरी लागतात, म्हणजे रोजच्या जेवणावर पंचवीसेक पुरणपोळ्या. पाळीच्या आधीही किलो-दीड किलो चढतं, नंतर उतरतं.

तेव्हा काटा रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. सरासरी या महिन्याची गेल्या महिन्याशी ताडा. रोजच्या आकड्याने दिवस खराब होत असेल तर आठवड्यातून एकदाच. कंबर महिन्यातून एकदा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंमीच्या आत हवी, पण तुमचा पहिला टप्पा ७६ वरून ७२ किलो. शरीराच्या पाच टक्के वजन उतरलं तरी साखर-बीपीला फरक पडतो. दोन-तीन महिने द्या.

चालण्याकडून वजनाची फार अपेक्षा नको. तुमच्या वजनाला किलोमीटरमागे ४५-५० कॅलरी, एक वडापाव जिरवायला सहा किलोमीटर. चाला, पण 'चालून आले' म्हणून खाऊ नका. त्यापेक्षा आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहाचे तीन फेरे, आणि भिंतीवर हात टेकून तेवढेच पुशअप. वजन उतरताना स्नायू टिकले पाहिजेत. आणि कोमट पाण्यात मध-लिंबू घेतल्याने चरबी वितळत नाही, चमचाभर मधाच्या २० कॅलरी तेवढ्या पोटात जातात.

---

ताकभात

दोन सवयी ठरवल्या: साखर पातेल्याऐवजी कपात, आणि भांड्यांनंतर पंधरा मिनिटं चालणं. तिसरी पोळीची घ्यायची आहे, पण मावशींना 'लहान करा' सांगितलं की दोन दिवस लहान, तिसऱ्या दिवशी मूळपदावर.

---

रानमेवा

'लहान' हे माप नव्हे, आणि ग्रॅम सांगूनही उपयोग नाही. पीठ तुम्ही काढून ठेवा आणि पोळ्यांचा आकडा सांगा. १२ पोळ्या हव्या असतील तर ३६० ग्रॅम पीठ, म्हणजे पोळीला ३०. एकदा काट्यावर मोजून डब्यातल्या वाटीवर कुठपर्यंत येतं ती खूण करा. भिजवल्यावर गोळा ५० ग्रॅमच्या आत येतो, मोठ्या लिंबाएवढा. घरातल्या बाकीच्यांना जाड पोळी हवी असेल तर तुमच्या तीन आधी, बिनतेलाच्या, वेगळ्या डब्यात लाटून घ्या. तेलाची वाटी ओट्यावर भरून ठेवू नका, दिवसाचं तेवढंच काढा. वाटी भरलेली दिसली की हात सैल सुटतो, कोणाचाही.