सिस्ट म्हटली की लगेच ऑपरेशन नसतं हो
ताई, तुम्ही विचारलंत ती अंडाशयातली ४ सेंमीची सिस्ट (गाठ) साधी पाण्याची असेल तर घरचे म्हणतात म्हणून लगेच ऑपरेशनला पळू नका, पाळी चालू असलेल्या बायकांत अशी सिस्ट बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते, परत सोनोग्राफी करून बघायची. एकदम कळ येऊन उलट्या लागल्या तर मात्र खानापुरात थांबून न राहता रातोरात बेळगाव गाठा, अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो.

खाज आणि दह्यासारखं पांढरं जाणं वेगळं, तो बहुतेक कँडिडा, म्हणजे बुरशी, त्याला क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या. माशासारखा वास असेल तर औषध बहुधा मेट्रोनिडाझोल. आमच्याकडं बायका मेडिकलमध्ये लाजत "अंगावरून जातंय" एवढंच पुटपुटतात, आणि मेडिकलवाला सगळ्यांना एकच गोळ्यांचं किट देतो की! सारखं होत असेल तर शुगर तपासा. ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा जंतू) निघाला तर नवऱ्यालाही गोळ्या, कितीही कुरकुरू दे.