डेव्हिसची ‘छावणी ते बायर्न’ गोष्ट आता पुरे करा की

बॅकपास:
परत एकदा ग्रुपवर अल्फोन्सो डेव्हिसचा, म्हणजे कॅनडाच्या आणि जर्मनीतल्या बायर्न म्युनिच क्लबच्या त्या फुटबॉलरचा, व्हिडिओ आला. मागे रडकं व्हायोलिन, आधी छावणी, मग थेट चॅम्पियन्स लीगचा कप, मधली पंधरा वर्षं गायब. वैताग येतो. पोरगा 2000 साली घानातल्या बुडुबुरम निर्वासित छावणीत जन्मला, आईवडील लायबेरियातल्या यादवीतून जीव घेऊन पळालेले, हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण पाच वर्षांचा असताना कुटुंब कॅनडात आलं, आधी विंडसर, मग एडमंटन, आणि तो फुटबॉल शिकला तो एडमंटनमध्ये. तिथे फ्री फुटी म्हणून शाळकरी पोरांची लीग आहे, फी नाही, सामान त्यांचं आणि शाळा सुटल्यावर मैदानावर न्यायची सोयही त्यांचीच. घरी आईबाप कामावर, हा धाकट्या भावंडांचे डायपर बदलतोय, असल्या पोराला मॅचला कोण नेणार होतं? फ्री फुटीची बस नेत होती. व्हिडिओत बस दिसत नाही कारण बसवर व्हायोलिन शोभत नाही. हालअपेष्टांतून हिरा घडतो वगैरे थापा आहेत, फी माफ झाली म्हणून घडला तो.

सडनडेथ:
बस मान्य. पण गोष्ट त्याची आहे ना भाऊ, तुमची-माझी नाही. 2018 ला मॉस्कोत फिफाच्या काँग्रेससमोर सतरा वर्षांचं पोर उभं राहिलं आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मी छावणीत जन्मलो, आयुष्य कठीण होतं, कॅनडाने आम्हाला घेतलं. 2021 पासून तो संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा सदिच्छादूत आहे, हा मान मिळालेला पहिला फुटबॉलर. त्याला स्वतःला ती गोष्ट सांगायची आहे आणि आपण इथे बसून म्हणायचं की बाबा रे आता पुरे?

बॅकपास:
मॉस्कोचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. तिथे मतदान कशाचं होतं? 2026 च्या वर्ल्ड कपच्या यजमानपदाचं. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको विरुद्ध मोरोक्को, 134 विरुद्ध 65 मतांनी कॅनडावाले तिघं जिंकले. पोराची गोष्ट खरी होती, पण ती तिथे कशासाठी वापरली गेली तेही बघा ना.

कॉर्नरची जागा:
मला या सगळ्यात एकच गोष्ट खुपते, ती ‘थँक्यू’. ऑस्ट्रेलियाचा एवर माबिल आठवतोय? केनियातल्या काकुमा छावणीत जन्म, आईवडील दक्षिण सुदानचे, तिथे प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून केलेल्या बॉलने अनवाणी खेळलेला, दहा वर्षांचा असताना ऑस्ट्रेलियात आला. जून 2022, वर्ल्ड कपला कोण जाणार ते ठरवणारा पेरूविरुद्धचा प्लेऑफ, पेनल्टी शूटआऊट, सहावी पेनल्टी याची. चुकली असती तर वर्ल्ड कप गेलाच होता जवळपास. मारली त्याने, पुढची पेरूची गोलकीपरने अडवली आणि ऑस्ट्रेलिया कतारच्या वर्ल्ड कपला. मॅचनंतर काय म्हणाला तर घरच्यांच्या वतीने ऑस्ट्रेलियाचे आभार मानायचा हा एकच मार्ग होता. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या पोटात गोळा आला. अख्ख्या घराचे पांग एका पेनल्टीत फेडायचे? आणि बार हलवला असता तर काय, कृतघ्न?

सडनडेथ:
ताई तुम्ही जास्तच खोलात शिरताय. माणूस मनापासून आभार मानतोय, त्यात जबरदस्ती कुठे दिसली?

कॉर्नरची जागा:
त्याच्या मनावर शंका नाहीच माझी. हिशोब कोण ठेवतं ते विचारतेय. क्रोएशियाच्या मॉड्रिचचं बघा, 1991 ला युद्धात आजोबांना मारलं, घर गेलं, झादरमधल्या हॉटेलात लहानाचा मोठा झाला, पार्किंगमध्ये बॉल लाथाडत. पुढे 2018 चा बॅलन डी’ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलरचा मान, घेतला. त्याला कुणी म्हटलं का की क्रोएशियाचे आभार मान? उलट क्रोएशियाच त्याचे आभार मानतो.

थर्डमॅन:
मॉड्रिच इथे बसत नाही. तो स्वतःच्याच देशात विस्थापित होता, दुसऱ्या देशाने दार उघडायचा प्रश्नच आला नाही. हां, बाहेरून आलेल्यांकडे कसं बघतात ते बघायचं तर स्वित्झर्लंडकडून खेळणारे जाका आणि शाकिरी घ्या. दोघांची घरं कोसोवोची, जाकाचे वडील युगोस्लाव्हियात राजकीय कैदी होते, आणि 2018 च्या वर्ल्ड कपात सर्बियाविरुद्ध गोल मारून हाताने अल्बेनियाच्या झेंड्यावरचा दोन डोक्यांचा गरुड केला तर फिफाने प्रत्येकी 10,000 स्विस फ्रँक दंड ठोकला. म्हणजे जुनी आठवण भाषणात काढली तर टाळ्या, मैदानात काढली तर पावती.

फक्त_फुटबॉल:
तुम्ही लोक पोराला खेळताना बघता तरी का? ऑगस्ट 2020, लिस्बन, बायर्न 8 बार्सिलोना 2. डावीकडे बार्सिलोनाचा सेमेडो समोर. डेव्हिस जवळजवळ थांबतो, पाय हलवतो, सेमेडो मागे सरकतो, आणि मग एकदम गिअर टाकतो की सेमेडो तिथेच राहतो बिचारा, हा गोललाईनच्या कडेकडेने आत शिरतो, मागे सरकवतो, किमिखला फक्त पाय लावायचाय. वय 19. यात छावणी कुठे आणि बस कुठे? हा वेग आईच्या पोटातून आणलाय, दोन्ही बाजू उगीच क्रेडिट घेतायत.

बॅकपास:
वेग असेल हो. पण असाच वेग बुडुबुरममध्ये आणखी कितीजणांत असेल? 1990 पासूनची छावणी ती. जगात एका वर्षात शंभरातल्या एकाही निर्वासिताला तिसऱ्या देशात जागा मिळत नाही. डेव्हिसच्या घराला मिळाली. उरलेल्यांचा स्पीड कुणी मोजला?

राईटविंगची_राधा:
बॅकपास, छावणीत काहीच घडत नाही असं जे तुमचं चाललंय त्यावर नादिया नदीम. वडिलांना तालिबानने मारलं, आई पाच मुलींना घेऊन अफगाणिस्तानातून निघाली, डेन्मार्कच्या निर्वासित केंद्रात पोचली. त्या केंद्राला लागून फुटबॉल क्लबचं मैदान होतं, तिथे पोरींना खेळताना बघून ही खेळायला लागली. म्हणजे हिचा फुटबॉल सुरूच छावणीत झाला! पुढे डेन्मार्ककडून 2017 च्या युरो फायनलमध्ये गोल, आणि खेळता खेळता मेडिकल करून 2022 ला डॉक्टर. आता म्हणा गोष्ट पुरे.

सडनडेथ:
आणि डेव्हिसलाही फुकट काही मिळालं नाही. चौदाव्या वर्षी घर सोडून व्हँकुव्हरच्या अकादमीत गेला, आई तयार नव्हती. नागरिकत्व जून 2017 ला मिळालं तेव्हा कुठे कॅनडाच्या सीनियर टीमचं दार उघडलं. 2022 ला हृदयाच्या सुजेमुळे काही महिने बाहेर. त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपात बेल्जियमविरुद्ध पेनल्टी कुर्त्वाने अडवली, लोकांनी धुतला, आणि पुढच्याच मॅचला क्रोएशियाविरुद्ध दुसऱ्या मिनिटाला हेडर, पुरुषांच्या वर्ल्ड कपात कॅनडाचा पहिलावहिला गोल.

फक्त_फुटबॉल:
आणि मग 4-1 ने हरले 😅 मार्च 2025 ला त्याच कॅनडाकडून खेळताना गुडघ्याचं लिगामेंट गेलं, बायर्नवाले कॅनडाच्या फेडरेशनवर भडकले ते वेगळंच. माबिलताई, पांग फेडायचा हिशोब इथे लावा हवा तर.

कॉर्नरची जागा:
माझं नाव माबिल नाही 🙄

बॅकपास:
राधा, नदीमवर मी गप्प. पण तिथेही मैदान शेजारी होतं म्हणूनच ना. मैदानाच्या जागी गोडाऊन असतं तर?

राईटविंगची_राधा:
तर ती नुसती डॉक्टर झाली असती. तेव्हा तुम्ही तिच्यावर लिहिलं असतं का?