क्लॉपनंतर कोण? अलोन्सो तर नाही म्हणाला, आता बोला

चाटीगल्ली_लाल | शनिवार, ३० मार्च २०२४, रात्री ११:१०

रंगपंचमीचा रंग कानामागून अजून निघाला नाही, पण तोंडावरचा रंग कालच उतरला. आपल्या लिव्हरपूलचा जुना खेळाडू, जर्मनीच्या लेव्हरकुसेन क्लबचा मॅनेजर झाबी अलोन्सोनं सांगून टाकलं, पुढच्या हंगामातही तिथंच राहणार.

२६ जानेवारीला सुट्टीची दुपारची झोप काढून उठलो, तर मोबाईलवर आपल्या मॅनेजरचा, क्लॉपचा, व्हिडिओ. अंगातली ताकद संपत आलीय, हंगाम संपला की जातो, म्हणे. करार २०२६ पर्यंतचा होता. तेव्हापासून दोन महिने आपण सगळ्यांनी एकच जप केला. २००५ ला इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये अडवलेली पेनल्टी परत आल्यावर ज्यानं ती जाळ्यात घातली, तोच आपला जावई, असं ठरवूनच टाकलं होतं. मांडव घातला, आणि जावयानं निरोप पाठवला, येत नाही.

माझं स्पष्ट मत, बरं झालं. आपण मॅनेजर शोधत नव्हतो, पोस्टर शोधत होतो. टीमकडं बघा की जरा. मागच्या उन्हाळ्यात हेंडरसन, फाबिन्हो, मिल्नर सगळे गेले. मॅक अॅलिस्टर, सोबोस्लाय, एंडो, ग्राव्हेनबर्ख आले. मधली फळी नवीकोरी. फेब्रुवारीत लीग कप फायनलला निम्मी टीम दवाखान्यात, क्लॉपनं डॅन्स, मॅककॉनेल, क्लार्क अशी पोरं उतरवली, आणि ११८ व्या मिनिटाला व्हॅन डाइकनं चेल्सीला गार केलं. ही टीम मोडकी नाही. हिला चालवणारा पाहिजे, मोडून परत बांधणारा नको.

म्हणून नाव सांगतो, हसायचं असेल तर हसा. नेदरलँड्सच्या फेयेनूर्ड क्लबचा मॅनेजर आर्ने स्लॉट.

पार्क_चौपाटी | रात्री ११:२४

हसलो.

पार्क_चौपाटी | रात्री ११:३१

आता सिरियस बोलतो बे. सालाह, व्हॅन डाइक, ट्रेंट, तिघांचेही करार २०२५ ला संपतात. म्हणजे नवीन माणूस आल्या आल्या या तिघांसमोर बसून, थांबा रे, असं म्हणणार. ते कोण म्हणणार? ज्याचं नाव ऐकून सालाह खुर्चीत सावरून बसेल असा माणूस पाहिजे. खेळाडू म्हणून झ्वोला, ब्रेडा, स्पार्टा असली गावं फिरलेल्या माणसाचं सालाह काय ऐकणार आहे?

आणि अॅनफिल्ड, आपलं मैदान, कागदावर चालत नाही. २०१९ ला बार्सिलोना तीन गोल मारून गेली होती. परतीच्या मॅचला सालाह नाही, फिर्मिनो नाही, तरी ४-०. ते काय ४-३-३ च्या रचनेनं झालं का? पब्लिकनं केलं, आणि पब्लिक पेटवायला क्लॉप होता. तुझा स्लॉट कुणाला पेटवणार?

टेरीटॉवेल | रात्री ११:५८

पोरांनो, झोपा की. पण विषय निघालाच आहे तर सांगतो.

आमच्या टॉवेलच्या शेडला एक जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा मिस्त्री, होता. लूमच्या आवाजावरून सांगायचा, तिसऱ्या लाइनीतल्या लूमचा धोटा आता उडणार. तो गावाकडं गेल्यावर मालकानं दुसरा आणला. हा हुशार, मोठ्या मिलमध्ये काम केलेला. आल्या दिवशी त्यानं प्रत्येक लूमला पाना लावला. चालत्या लूमलासुद्धा! का, तर माझी सेटिंग वेगळी. पुढचे पंधरा दिवस आम्ही धोटे चुकवत फिरत होतो आणि टॉवेल सेकंडमध्ये विकत होतो.

मँचेस्टर युनायटेडमध्ये फर्ग्युसनच्या जागी आलेल्या मॉयेसनं २०१३ ला तेच केलं. फर्ग्युसनचे कोच काढले, एव्हर्टनहून आपली माणसं आणली. उलट आपल्याच क्लबमध्ये १९७४ ला मॅनेजर शँकली अचानक पद सोडून गेला. लोकांना वाटलं, संपलं. आला कोण? बॉब पेस्ली. कमी बोलणारा, वर्षानुवर्षं शँकलीच्या मागं उभा राहिलेला. पहिल्या वर्षी लीग हुकली, आणि नंतर ९ वर्षांच्या हिशेबात ६ लीग आणि ३ युरोपियन कप. शँकलीपेक्षा जास्त. पेटवणारा शँकलीच होता की. जिंकणारा मुका निघाला.

चाटीगल्ली बरोबर बोलतोय. स्लॉट कोण ते मला माहीत नाही, पण चालत्या लूमला पाना लावणारा नको.

पार्क_चौपाटी | रविवार, ३१ मार्च, सकाळी ८:४०

काका, पाया पडतो, पण उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. पेस्ली घरातला होता. आधी त्याच क्लबचा खेळाडू, मग फिजिओ, मग शँकलीचा सहायक. आज घरातलं कोण उरलंय सांगा. क्लॉपचा सहायक लाइंडर्स त्याच्याबरोबर जातोय, दुसरा सहायक क्राविट्झ जातोय. अख्खं बिऱ्हाड उठतंय. म्हणजे येणाऱ्याला आपली माणसं आणावीच लागणार, स्लॉट येऊ दे नाहीतर कोणी. मग पाना लागणारच. लागणारच असेल तर मोठ्या मिस्त्रीच्या हातचा लागू दे.

टेरीटॉवेल | सकाळी ९:१५

हे बरोबर बोललास. लाइंडर्सचं मी विसरलो होतो.

जुळेसोलापूरकरीण | सकाळी १०:०५

दोघेही दादा सात्विक वाद घालताय, मध्ये येते. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचा मॅनेजर अमोरिम, त्याचं नाव कुणीच का घेत नाही?

वय ३९. स्पोर्टिंगनं २०२० ला ब्रागाला १ कोटी युरो मोजून त्याला उचललं. तेव्हा पोर्तुगालभर हसले होते, काल पार्क_चौपाटी दादा हसले तसे. दुसऱ्याच वर्षी लीग, १९ वर्षांनी. पोरांना खेळवतो, आणि पत्रकारांसमोर बोलायला बसला की समोरचा ऐकत राहतो. दादांना पेटवणारा पाहिजे, काकांना चालवणारा. एका माणसात दोन्ही हवं असेल तर हाच.

चाटीगल्ली_लाल | सकाळी १०:२२

ताई, माणूस चांगला आहे. पण तो मागं तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, ठेवल्याशिवाय खेळत नाही. ३-४-३ म्हटलं की बाजूनं पळणाऱ्या विंगर्सचं काय करायचं? डियाझ, सालाह, गाक्पो, जोटा, नुनेझ. पुढं जागा तीन, त्यातल्या दोन मध्यभागी सरकलेल्या. आपण गेली आठ वर्षं ज्या रचनेसाठी माणसं विकत घेतली ती रचनाच तो बदलणार. हाच तो पाना.

जुळेसोलापूरकरीण | सकाळी १०:४०

आणि अलोन्सो लेव्हरकुसेनमध्ये मागं किती ठेवतो? तीनच ना? दोन महिने जप करताना कुणाला सेंटर बॅक मोजावेसे वाटले नाहीत. त्याचं चाललं असतं, अमोरिमचं चालत नाही. इस्तंबूलची पेनल्टी मारली नाही एवढाच त्याचा गुन्हा.

पार्क_चौपाटी | सकाळी १०:४३

😂 गप झाला बे लाल

चाटीगल्ली_लाल | सकाळी ११:३०

गप नाही, आंघोळीला गेलो होतो. मान्य. पण म्हणूनच म्हणालो, अलोन्सो आला नाही हे बरं झालं. तोही पाना घेऊनच आला असता. मीही दोन महिने मोजलं नव्हतं, ही माझी चूक.

हडपसरचा_सोलापूरकर | दुपारी १:१५

आज ब्रायटनशी मॅच आहे आणि कुणी त्यांच्या मॅनेजरचं, दे झर्बीचं, नाव काढत नाही? मागच्या वर्षी ब्रायटनला सहावं आणलं, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपात नेलं. चेंडू तळव्याखाली धरून उभे राहतात, समोरचा अंगावर आला की त्याच्या मागून निघून जातात. पेप गार्डिओलासुद्धा त्याचं कौतुक करतो. इंग्लंड माहीत आहे, लीग माहीत आहे. शिकवायला वेळ जाणार नाही. आज संध्याकाळी साडेसहाला बघा आणि बोला.

सैतान_सातरस्ता | दुपारी २:०२

मँचेस्टर युनायटेडचा माणूस बोलतोय, दार लावू नका. दोन आठवड्यांपूर्वी एफए कपच्या क्वार्टर फायनलला आम्ही तुम्हाला ४-३ हरवलं तेव्हापासून तुमच्यातलं कुणी चहाला बोलवत नाही.

तुमची ही चर्चा आमच्याकडं २०१३ ला शब्द न शब्द झालीय. फर्ग्युसनची २६ वर्षं, १३ लीग. मॉयेसला निवडलं कुणी माहितेय? फर्ग्युसननंच. आम्ही म्हणालो, म्हाताऱ्यानं निवडलाय म्हणजे चालत्या गाडीला हात लावणार नाही. दहा महिन्यांत घरी. मग आम्ही म्हणालो, आता मोठं नाव पाहिजे. व्हॅन हाल आला, मोरिन्हो आला. मग म्हणालो, घरातला पाहिजे, सोल्शायर आला. मग म्हणालो, सिस्टिमवाला पाहिजे. तुम्ही धाग्यात जे चार प्रकार सांगताय ते चारही आम्ही वापरून बघितलेत. त्यातला कुठला चालतो ते विचारू नका.

एक मात्र सांगतो. मॉयेसला टीम मिळाली ती थकलेली. स्कोल्स गेला, गिग्ज चाळिशीला, फर्डिनांड, विडिच, एव्ह्रा सगळे उतरणीला. चॅम्पियन म्हणून दिली, पण आतून वाळवी. तुमच्याकडं तसं नाही, हे बघून पोट दुखतं.

टेरीटॉवेल | दुपारी २:२०

या सैतानाला चहा पाजा रे कुणीतरी. सगळ्यात शहाणं तोच बोलला.

कडक_भाकरी | दुपारी ३:४५

वाचून करमणूक झाली. बाहेर ऊन असं की कावळा सावली सोडत नाही, गल्लीत चेंडू मारायला जागा नाही, आणि आम्ही अॅनफिल्डचा मॅनेजर नेमणार. कोल्हापूरकरांचं समजू शकतो, त्यांच्याकडं तालमीतालमीच्या टीम, शाहू स्टेडियमला हजारोंनी पब्लिक. आपल्याकडं काय?

बरं, निवड आपल्या हातात नाहीच. मालकांनी मार्चमध्ये मायकल एडवर्ड्सला परत आणलंय, फुटबॉलचा सगळा कारभार त्याच्याकडं. बोर्नमथहून रिचर्ड ह्यूज स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून येतोय. एडवर्ड्स आकडे बघणारा माणूस, सालाहला आणण्यात त्याचा हात. त्याला इस्तंबूलचं काही नाही आणि पेटवण्याचंही नाही. तो बघणार एवढंच, की हातात आहे त्या टीमकडून हा माणूस जास्तीत जास्त काय काढेल. म्हणजे मन मारून सांगतो, चाटीगल्लीचा स्लॉट अगदीच हसण्यावारी नेऊ नका. खर्च कमी, खेळ ओळखीचा, गेल्या वर्षी तिकडची लीग जिंकलाय, टॉटनहॅम मागं लागलं तेव्हा गेला नाही.

तरी माझं मत त्याला नाही. नेदरलँड्सच्या लीगमध्ये आठवड्याला एक अवघड मॅच. इथं आठवड्याला दोन.

पार्क_चौपाटी | दुपारी ४:१०

भाकरी, तू कुणाच्या बाजूनं आहेस ते एकदा ठरव.

कडक_भाकरी | दुपारी ४:१२

चटणीच्या.

हडपसरचा_सोलापूरकर | संध्याकाळी ६:३४

वेल्बेक! दुसरं मिनिट! बघितलं का? बोला आता!

पार्क_चौपाटी | रात्री ८:३१

२-१. डियाझ, सालाह. हडपसर कुठं गेलास बे? तुझ्या दे झर्बीच्या पोरांनी चेंडू तळव्याखाली धरला आणि आपल्या पोरांनी काढून घेतला. आपण इतक्या वेळा गोलवर मारलं की मी मोजायचं सोडलं.

हडपसरचा_सोलापूरकर | रात्री ८:५०

अर्धी टीम जखमी आहे त्यांची. तरी अॅनफिल्डवर घाबरून मागं बसले नाहीत. मी मत बदलत नाही.

जुळेसोलापूरकरीण | रात्री ११:१०

मँचेस्टर सिटी आणि आर्सेनल ०-० सुटले. आपले गुण ६७, आर्सेनल ६५, सिटी ६४. नऊ मॅच उरल्यात. आई विचारत होती, एवढी खूश का? म्हटलं, पहिले आलो. म्हणाली, मग मॅनेजर कशाला बदलताय?

टेरीटॉवेल | रात्री ११:२२

माउलीला नमस्कार सांग.

चाटीगल्ली_लाल | रात्री ११:४०

मॅच बघताना एक जाणवलं म्हणून लिहितो. गोल खाल्ल्यावर कॅमेरा क्लॉपवर गेला. दोन्ही हातांनी, शांत, शांत, एवढंच. आणि टीम खरंच शांत झाली. पार्क_चौपाटी, पेटवण्याबद्दल तू जे म्हणतोस ते मी उडवून लावलं होतं. पण पेटवण्याइतकंच विझवणंही त्याच माणसाला जमतं, हे मी मोजलं नव्हतं. स्लॉटला ते जमेल का, मला सांगता येणार नाही. नाव मात्र मागं घेत नाही.

पार्क_चौपाटी | रात्री ११:४४

घेऊ नको. मे महिन्यात तुझं तोंड बघायचंय. स्लॉट आला तर हुतात्मा चौकात सगळ्यांना पार्टी माझी. नाही आला तर तुझी.

सैतान_सातरस्ता | रात्री ११:५१

मी दोन्हीकडं जेवणार. पुढच्या रविवारी, ७ तारखेला, आमच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आमच्याशी मॅच आहे, रात्री आठला. कुणाकडं बघायचं?

चाटीगल्ली_लाल | रात्री ११:५५

माझ्याकडं या. पण त्या दिवशी आमच्या भागात पाण्याची पाळी आहे, पाणीपण आठलाच सुटतं. टाकी भरेस्तोवर मी मोटरपाशी खाली असणार. वरून कुणी गोल म्हणून ओरडलात तर बघा.